वासराचं रक्त आणि आपली सोयीची दया

तर मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गुडघ्याचं निमित्त होतं, थोडा आळसही होता. पण पोळ्याच्या आधल्या आठवड्यात आमच्या गल्लीत जे घडलं ते मनातून जाईना. आधीच सांगते, हे वाचून आमच्या गोतावळ्यातले दोन-चार जण रागावणार आहेत. रागावू देत. चौतीस वर्षं शाळेत पोरांचे कान धरले, आता म्हातारपणी घरच्यांचे धरते.

झालं असं. आमच्याकडे पोळ्या करायला जी येते तिच्या आठ वर्षांच्या मुलाला गाडगेनगरच्या रस्त्यावर कुत्रं चावलं. पोटरीचा लचकाच तोडला. बाई शहाणी. जखम साबणाच्या पाण्याने खळखळून धुतली आणि पोराला घेऊन थेट इर्विन गाठलं. पहिली सुई झाली, जखमेभोवती सिरमही टोचलं. दुसरी सुई तिसऱ्या दिवशी. त्या सकाळी ती नेहमीसारखी कामावर आली. मी विचारलं, "अगं, आज सुई ना पोराची?" तर परातीतून नजर न उचलता म्हणाली, "नाही जात बाई. त्या सुईत वासराचं रगत असते म्हनते. आईच्या पोटातल्या वासराचं. पोळा तोंडावर आला अन् मी पोराच्या आंगात वासराचं रगत घालू काय? माया सासूनं तं रडनंच मांडलं."

कुठून कळलं, विचारलं. तिने मोबाइल पुढे केला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला निरोप होता. वर गोजिऱ्या वासराचं चित्र, खाली लाल अक्षरांत लशींच्या नावाने शंख, शेवटी दहा जणांना पाठवण्याची आज्ञा. पाठवणाऱ्याचं नाव वाचून मी चपापले. आमच्या नणंदबाई!

आता खरी लाजेची गोष्ट. हाच निरोप दोन दिवस आधी आमच्या घरच्या ग्रुपवर आला होता. एका भाच्याने खाली हात जोडले, दुसऱ्याने "भयंकर!" लिहिलं. एम.कॉम., बी.ई., एक वकीलसुद्धा आहेत त्या ग्रुपवर. मीही वाचला होता. मनात म्हटलं, कशाला उगाच वाद, आणि चष्मा काढून ठेवला. आमच्या घरात त्या निरोपाने कोणाचं काही बिघडलं नाही. आम्हाला कुत्रं चावलं तर आम्ही गाडी काढून खाजगी दवाखान्यात जाऊ आणि सुई घेताना वासरू आठवणारही नाही. निरोप पाठवला आम्ही आणि मरायची पाळी आली चार घरी पोळ्या लाटणारीच्या पोरावर. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हे मी भूगोल-मराठीची बाई असूनही जाणते, मग ते बी.ई. झालेल्या भाच्याला ठाऊक नसेल?

रिक्षा बोलावली, मायलेकरांना घेऊन स्वतः गेले. सुई झाली. परतताना तिने विचारलं, "पन बाई, खरं हाय का ते?" आणि मला उत्तर येईना. "अफवा आहे गं" म्हणून मोकळी झाले असते तर तिचा माझ्यावर विश्वास बसलाही असता. पण मलाच ठाऊक नव्हतं. "विचारून सांगते" म्हटलं. तीस-पस्तीस वर्षं पोरांपुढे उभी राहिलेली मी, आणि एका आईच्या साध्या प्रश्नाला उत्तर नाही.

पुण्याला माझी एक भाची प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचंच काम करते. तिला फोन लावला. पुढचे चार-पाच दिवस रात्री तासतासभर तिची शिकवणी घेतली. आता सांगते ते त्या शिकवणीचं सार. उत्तर असं आहे की निरोप अर्धा खरा आहे. आणि अर्धं खरं हे पूर्ण खोट्यापेक्षा जास्त घातक असतं, कारण ते खोडायला निघालेला माणूस पहिल्याच वाक्याला अडखळतो.

टिश्यू कल्चरची केळी आता आपल्याला नवी नाहीत. अंजनगाव-अकोटकडच्या बागाईतदाराला विचारा, तो रोपाचा भाव तोंडपाठ सांगेल. तिथे झाडाचा इवलासा तुकडा बाटलीत साखर, क्षार आणि थोडी संप्रेरकं घातलेल्या थलथलीत खळीवर ठेवतात आणि त्याची रोपं होतात. झाडाची पेशी मुळात स्वावलंबी. प्राण्याची पेशी तशी नाही. ती शरीरात असते तेव्हा रक्त तिला दारात डबा आणून देतं. बाहेर काढली की ती उपाशी मरते. तिला बाटलीत जगवायचं तर रक्ताची बरोबरी करणारं काहीतरी कालवून द्यावं लागतं. त्याला शास्त्रज्ञ 'माध्यम' म्हणतात. मला गंमत वाटली. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं, पण माध्यम म्हणजे ज्यात जीव वाढतो ते, हा अर्थ चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळला.

हे कालवण जमायला पाऊणशे वर्षं लागली. १८८२-८३ च्या सुमारास लंडनला सिडनी रिंगर नावाचा डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात चालू ठेवायचा प्रयत्न करत होता. ते छान चालत असे. पुढे कळलं की ते द्रावण शुद्ध पाण्यात केलेलंच नव्हतं, साध्या नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाणी घेतलं तर हृदय थांबायचं! नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, तेच हृदयाला हवं होतं. दवाखान्यात आपण जिला 'रिंगर लॅक्टेट'ची सलाईन म्हणतो ते याच रिंगरचं नाव. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेत हॅरी ईगलने एकेक पदार्थ काढून-घालून पाहिलं आणि सस्तन प्राण्याच्या पेशीला काय काय लागतं याची यादीच केली. तेरा अमिनो आम्लं, काही जीवनसत्त्वं, साखर, क्षार. आजही जगभर वापरतात त्या माध्यमांत ईगलच्या यादीचा पाया आहे. त्यात एक लाल रंगही घालतात. पेशी वाढून माध्यम आंबट झालं की तो पिवळा पडतो, म्हणजे जेवण बदलायची वेळ झाली. भाची म्हणते, "मावशी, आमचं निम्मं काम म्हणजे बाटल्यांचा रंग बघत फिरणं." बाटल्या ठेवायच्या ३७ अंशांच्या कपाटात, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेत.

पण ईगलची यादी पूर्ण करूनही पेशी नीट वाढेनात. त्यात दहाएक टक्के रक्तद्रव, म्हणजे सीरम, घातलं की मात्र तरारून वाढायच्या. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटतं ते हे सीरम. त्यात वाढीला लागणारे नाना पदार्थ असतात, पेशीला काचेला धरून बसायला मदत करणारी प्रथिनं असतात. आणि सगळ्यांत चांगलं कुठलं, तर गाईच्या पोटातल्या वासराचं. ते वाढीच्या भरात असतं आणि त्याच्या रक्तात प्रतिपिंडं फार कमी असतात. १९५८ पासून ते प्रयोगशाळांत रुळलं.

ते मिळतं कसं? इथे मी भाचीला म्हटलं, आडपडदा न ठेवता सांग. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, दक्षिण अमेरिका इथल्या कत्तलखान्यांत मांसासाठी आणलेली गाय गाभण निघाली तर तिच्या पोटातलं वासरू काढून त्याच्या हृदयात सुई घालून रक्त घेतात. २००२ मध्ये नेदरलंड्समधल्या संशोधकांनी अंदाज बांधला होता की जगात वर्षाला सुमारे ५ लाख लिटर असं सीरम लागतं आणि त्यासाठी दहा लाखांहून अधिक वासरांचं रक्त घेतलं जातं. हे ऐकलं त्या रात्री मी जेवले नाही. खोटं कशाला सांगू. माझी आजी रिद्धपूरच्या वाटेवरच्या गावातली, महानुभाव. दिव्यावर पाखरू येऊन जळू नये म्हणून तिन्हीसांजेनंतर दिवा झाकून ठेवणारी. तिचं रक्त माझ्या अंगात आहे. तेव्हा नणंदबाई, तुमचं काळीज हललं त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझंही हललं.

तक्रार पुढची आहे. निरोपातलं दुसरं अर्धं, की हे रक्त लसीतून अंगात घालतात, ते खोटं आहे. लसीसाठी हवा असतो विषाणू. विषाणू स्वतःच्या जोरावर वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. म्हणून आधी पेशी माध्यमात वाढवायच्या, मग त्यांच्यावर विषाणू सोडायचा, मग तो गोळा करून, निष्प्रभ करून, शुद्ध करून त्याची लस करायची. वासराचं सीरम हा पेशीचा आहार, लसीतला घटक नव्हे. पेशी वाढल्यावर ते धुऊन काढतात. तरी सूक्ष्म अंश राहू शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने रेबीजच्या लसीला मर्यादा घातली आहे, एका मात्रेत सीरममधलं प्रथिन ५० नॅनोग्रॅमच्या वर नको. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले पन्नास. शेणखत घातलेल्या वावरातला गहू खाताना आपण शेण खातो असं कोणी म्हणत नाही. हिशेब तोच आहे.

आता या पेशी कसल्या? आपल्याकडच्या रेबीजच्या लशींपैकी बऱ्याचशा 'व्हेरो' नावाच्या पेशींवर होतात, काही कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर. व्हेरो पेशी १९६२ मध्ये जपानमधल्या चिबा विद्यापीठात एका आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काढल्या. त्याच पेशींची पिलावळ आज साठ वर्षांवर जगभर वाढते आहे. एस्पेरांतो या भाषेत 'हिरवं मूत्रपिंड' या शब्दांची अक्षरं जोडून हे नाव केलं, आणि त्याच भाषेत 'व्हेरो'चा अर्थ होतो सत्य. भाषेच्या बाईला असं काही सापडलं की राहवत नाही, म्हणून सांगितलं.

या पेशी येण्याआधी काय होतं, ते मात्र आमच्या पिढीला डोळ्यांनी पाहिलेलं आठवतं. साठच्या दशकात परतवाड्याला आमच्या दादाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. पोटात चौदा इंजेक्शनं! रोज सकाळी बाबा त्याला सायकलवर बसवून न्यायचे आणि त्याचं रडणं कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू यायचं. ती लस कशाची होती ठाऊक आहे? मेंढीच्या मेंदूची. जिवंत मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू टोचायचा, ती आजारी पडली की मारायची आणि मेंदू वाटून कार्बोलिक आम्लाने, म्हणजे फिनॉलने, विषाणू निष्प्रभ करायचा. डेव्हिड सेम्पलने १९११ मध्ये कसौलीला ही रीत बसवली आणि २००४-०५ पर्यंत आपल्या सरकारी दवाखान्यांत ती लस मिळत होती. काही माणसांना त्या मेंदूच्या अंशामुळे लकवा व्हायचा. ती बंद करून आपण पेशींवर वाढवलेली लस आणली तेव्हा मेंढ्या सुटल्या आणि पोरांची पोटंही सुटली. आजची पोरं दंडात सुई घेऊन खेळायला पळतात.

माकडांचंही तेच. पोलिओची लस निघाली तेव्हा ती माकडांच्या ताज्या मूत्रपिंडांवर वाढवत. त्यासाठी आणि इतर प्रयोगांसाठी आपल्या देशातली लाल तोंडाची माकडं लाखोंनी परदेशी गेली. मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ पासून ही निर्यात बंद केली. एकदा काढलेल्या पेशी पिढ्यान्‌पिढ्या बाटलीत वाढवता येऊ लागल्यामुळे जगाची ती गरजही घटत गेली. त्याच्याही आधी देवीची लस खुद्द वासराच्या कातडीवर वाढवत. बेळगावला 'व्हॅक्सिन डेपो' नावाचं मोठं मैदान आजही आहे, ते नाव त्या काळचं. आपल्या 'लस' या शब्दाचा जुना अर्थच मुळी फोडातून पाझरणारं पाणी. इंग्रजीतल्या 'व्हॅक्सिन'मध्ये तर लॅटिन गायच दडलेली आहे. म्हणजे वासराचं देणं आपल्यावर दोनशे वर्षांपासून आहे. ते आज मोबाइलवर कळलं, एवढंच.

म्हणून माझं पहिलं भांडण आहे ते या सोयीच्या दयेशी. नणंदबाई, भजनी मंडळातला तबला-पखवाज कशाने मढवलेला असतो? लग्नात नेसलेल्या पैठणीच्या रेशमासाठी कोष उकळत्या पाण्यात टाकतात, किडा आत असतानाच. सकाळी घेता त्या औषधाच्या कॅप्सूलचं वेष्टन बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यांचं. चहात म्हशीचं दूध घालतो, त्या म्हशीच्या नर रेडकाचं पुढे काय होतं हे खेड्यात वाढलेल्यांनी मला विचारू नये. हे सगळं सोडा असं मी म्हणत नाही. मीही सोडलेलं नाही. पण इतक्या ठिकाणी न दिसलेलं वासरू नेमकं दुसऱ्याच्या पोराच्या सुईत दिसावं, ही दया नव्हे. स्वतःला काही द्यावं लागत नाही तिथे केलेली दया फुकट असते, आणि फुकटची दया महाग पडते, मात्र दुसऱ्याला.

आणखी एक. याच ग्रुपवर दोन महिन्यांपूर्वी एका काकांच्या गुडघ्यात 'स्टेम सेल' घालून घ्यायची चर्चा रंगली होती. आकडे ऐकून मला घेरी आली. स्टेम सेल म्हणजे अशा मूळ पेशी ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी घडू शकतात. रक्ताच्या आजारांतलं अस्थिमज्जा-रोपण सोडलं तर त्यांचे बहुतेक उपाय अजून सिद्ध झालेले नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीनुसार असे उपाय नोंदणी केलेल्या चाचणीबाहेर, पैसे घेऊन करायचे नाहीत. आणि गंमत अशी की या पेशी बाहेर वाढवून संख्या वाढवायची तर तिथेही अनेकदा तेच वासराचं सीरम वापरतात. तेव्हा कोणी विचारलं नाही, की या पेशी कशात वाढवल्या? सिद्ध झालेल्या, फुकट मिळणाऱ्या, जीव वाचवणाऱ्या सुईत वासरू दिसतं. सिद्ध न झालेल्या, लाखांच्या सुईत दिसत नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

दुसरं भांडण आहे शहाण्यांशी. २०२१ च्या जूनमध्ये कोव्हॅक्सिनवरून हाच गोंधळ झाला होता, आठवतो? ती लस हैदराबादच्या कंपनीने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेबरोबर केलेली. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या एका कागदावरून कोणीतरी 'लसीत वासरू' अशी आवई उठवली. १६ जूनला आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की नवजात वासराचं सीरम फक्त व्हेरो पेशी वाढवायला वापरतात, त्या पेशी अनेकदा धुतात, अंतिम लसीत सीरम नसतं. खुलासा बरोबर होता. पण तो मिळाल्याबरोबर सगळे शहाणे गप्प झाले. विषय संपला! पेशी म्हणजे काय, त्या काय खातात, ते अन्न कुठून येतं, हे सावकाश बसून, मराठीत, कोणी सांगितलंच नाही. "लोकांना नाही कळायचं, उगाच बिथरतील." लोक बिथरतात ते सांगितल्याने नव्हे. आधी लपवलं आणि मग कुठूनतरी कळलं की बिथरतात. माझ्या पोळीवालीला मी पुढे सगळं सांगितलं, कत्तलखान्यासकट. ती काही पळून गेली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंग त्या वासराचं पांग फेडाचं तं पोरगं जगलंच पाहिजे नं." तुमच्या एम.कॉम.ला हे सुचलं असतं?

शहाण्यांत मी स्वतःलाही धरते. लसीवरचा धडा किती वर्षं शिकवला असेल. जेन्नरने देवीची लस शोधली, पाश्चरने रेबीजची, गाळलेल्या जागा भरा. लस कशात वाढते, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही आणि एकाही पोराने मला विचारला नाही. विचारू दिला नाही, असंही म्हणता येईल. त्याच पोरांतली काही आज आजोबा झाली असतील आणि असे निरोप पुढे पाठवत असतील. त्या पापातला वाटा माझा.

मग वासराचं काय? नुसतं "इलाज नाही" म्हणून सोडून द्यायचं? अजिबात नाही. इथेच आपल्या महाराष्ट्रातली एक जुनी गोष्ट कामाची आहे. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये वाल्देमार हाफकिनने मुंबईत प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगचा जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागे. युरोपात तो गोमांसाचा करत. इथे हिंदूंना गाय चालायची नाही, मुसलमानांना डुक्कर. हाफकिनने काय केलं? बोकडाच्या मांसाचा रस्सा घेतला, वर जंतू लोंबत वाढायला चक्क तुपाचे थेंब सोडले, आणि लस केली. लाखो लोकांनी ती घेतली. म्हणजे लोकांच्या भावनेला मान देऊन माध्यम बदलता येतं. बदलायचं असतं ते माध्यम. लस नाकारायची नसते.

आणि आज बदल होतोही आहे. २०११ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी मूळ पेशींसाठी अवघ्या आठ घटकांचं माध्यम तयार केलं. नावही 'ई-८', म्हणजे आवश्यक आठ. त्यात वासराच्या सीरमचा थेंब नाही. याच थॉमसननी १९९८ मध्ये मानवी गर्भातल्या मूळ पेशी पहिल्यांदा वाढवल्या, तेव्हा उंदराच्या पेशींचं अंथरूण आणि वासराचं सीरम दोन्ही लागलं होतं. तेरा वर्षांत एवढी मजल. आज मोठमोठ्या कारखान्यांत पेशींकडून जी औषधं करवून घेतात त्यांतली पुष्कळशी सीरमविरहित माध्यमातच होतात. व्हेरो पेशींसाठीही अशी माध्यमं आहेत. शास्त्रज्ञांना स्वतःलाच सीरम नको आहे. प्रत्येक खेपेचं सीरम वेगळं, आज प्रयोग जमला तर उद्या जमेल याची खात्री नाही, शिवाय गुरांच्या रोगांची धास्ती. मग अडतं कुठे? पैशांत आणि मेहनतीत. वासराच्या रक्तात आयते मिळणारे वाढीचे पदार्थ वेगळे तयार करायचे तर महाग पडतात, आणि एका जातीच्या पेशीला मानवलेलं माध्यम दुसरीला मानवेलच असं नाही. प्रत्येकीचं पथ्य वेगळं शोधावं लागतं.

हे शोधायला आपल्याकडे जागा नाहीत असं नाही. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८६ मध्ये ते प्राणी-पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून मंजूर झालं. पेशी जतन करून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवणं हे त्याचं काम, आणि माध्यमं व इतर द्रव्यं विकसित करून पुरवणं हेही त्याच्या मूळ उद्दिष्टांत लिहिलेलं आहे. मुंबईची हायमीडिया अशी माध्यमं तयार करून विकते. अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, आमच्या अमरावतीच्या विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकवतात, आणि त्या विद्यापीठाला नाव आहे गाडगेबाबांचं. बाबांनी जन्मभर कीर्तनातून जत्रेतल्या बोकडाच्या बळीविरुद्ध रान उठवलं. पण त्यांनी लोकांना दवाखान्यापासून तोडलं नाही, आजाऱ्यांसाठी आणि त्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधल्या. दया अशी असते. ती हातात खराटा घेऊन येते, लाल अक्षरांतला निरोप घेऊन येत नाही.

तेव्हा ज्यांना खरंच वासराचं दुःख आहे त्यांना माझं सांगणं आहे. निरोप पाठवू नका, मागणी करा. आमदार-खासदार मतं मागायला येतील तेव्हा रस्त्या-नाल्यांबरोबर हेही विचारा की सीरमविरहित माध्यमाच्या संशोधनाला किती पैसा देता. नातू-नात विज्ञानाला गेली असेल तर तिला हा विषय सुचवा. आमच्या 'ह्यांना' साखरेचा आजार होता. सुरुवातीला जे इन्सुलिन टोचायचो ते डुकराच्या नाहीतर गुरांच्या स्वादुपिंडातलं असायचं. आम्हाला ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि बाही वर केली. पुढे जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन करवून घेण्याची युक्ती निघाली, १९८२ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं, हळूहळू आपल्याकडेही आलं. डुकरं आणि गुरं सुटली. ती कोणी इन्सुलिन नाकारून मेल्यामुळे सुटली नाहीत. कोणीतरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपल्यामुळे सुटली.

असो. फार लांबलं. नणंदबाईंना फोन करून हे सगळं सांगितलं. आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "मला काय माहीत, आलं ते पुढे पाठवलं." हेच तर दुखणं आहे. पण त्यांनी भजनी मंडळात उभं राहून सांगायचं कबूल केलंय की कुत्रं चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सांगितल्या तारखेच्या सगळ्या सुया घ्या. सांगतात की नाही ते मी बघणार आहे, पहिल्या रांगेत बसून.

तान्ह्या पोळ्याला पोळीवालीचं पोरगं लाकडी बैल ओढत आमच्या दारी आलं. पोटरीला पट्टी होती, सुया अजून बाकी होत्या. त्याला बोजारा दिला. त्याने विचारलं, "बाई, माया बैलाले काही नाही काय?" म्हणून बैलापुढेही पुरणपोळीचा तुकडा ठेवला. काल त्याची शेवटची सुई झाली.